काल काय केलं होतंस?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत थकव्यावर अर्धं पान लेख होता, की उठा, चालायला लागा, थकवा आपोआप पळेल. लेख तसा वाईट नव्हता. शुगरवाल्यांना, दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांना, रिटायर होऊन सोफ्यात रुतलेल्यांना तो लागू पडतोच. माझी तक्रार शेवटच्या चौकटीबद्दल आहे. तिथं छापलंय की क्रॉनिक फटीग (वर्षानुवर्षं न जाणाऱ्या थकव्याचा आजार) किंवा फायब्रोमायल्जिया (सगळं अंग ठणकण्याचा आजार) असला तरी रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या, सुरुवातीला अंग दुखेल तिकडे दुर्लक्ष करा. आमच्या जाऊबाईंनी त्याच चौकटीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेली इमोजी. नाव कुणाचं घेतलं नाही पण कुणासाठी आहे ते सगळ्यांना कळलं.

मी साताऱ्यात राहते, गोडोलीत. शाळेत शिकवते, म्हणजे शिकवत होते, आता अर्धा पगार अर्धी रजा असं चाललंय. आळशी म्हणायचं तर म्हणा, पण २०१९ ला हिल मॅरेथॉनला मी २१ किलोमीटर पळालेय, यवतेश्वरचा घाट चढून परत खाली, पायात गोळे आले तरी थांबले नाही. त्याआधी सात-आठ वर्षं रोज पहाटे अजिंक्यतारा. किल्ल्यावर येणारी पहाटेची मंडळी एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, चपलेच्या आवाजानं ओळखतात, त्यातली मी एक. २०२१ च्या मे महिन्यात कोरोना झाला, ऑक्सिजन वगैरे काही लागलं नाही, घरातच चौदा दिवस. ताप गेला, वास परत आला, पण अंगातलं त्राण गेलं ते गेलंच.

आता तो अजिंक्यताऱ्याचा किस्सा सांगते, कारण सगळं त्यातच आहे. दुखणं सुरू होऊन दीड वर्ष झालेलं, दिवाळी नुकतीच झालेली, सगळे म्हणत होते की तू घरात बसून बसून अशी झालीस, आणि मलाही ते पटलं होतं. रविवारी आम्ही दोघं गेलो, मी आणि मिस्टर. हळूहळू, दोनदा बसत, तसंच वर. वर गेल्यावर वारा लागला, खाली सगळं सातारा दिसत होतं, मला इतकं बरं वाटलं की मी रडले. मिस्टरांनी फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय, गाल लाल झालेत, कुणी म्हणणार नाही आजारी आहे. सोमवारी शाळेत गेले, पाय जड होते पण होतात की चढल्यावर. मंगळवारी पहाटे चारला जाग आली ती मांडीत कुणीतरी शिसं ओतल्यासारखी. घसा दुखतोय, कणकण आहे, थर्मामीटरवर काही नाही, पाण्याचा तांब्या उचलायला गेले तर हात तिथंच राहिला. केस विंचरायला हात खांद्याच्या वर जाईना. त्यात नऊ दिवस गेले. आणि तो फोटो? तो आजही पुरावा म्हणून दाखवतात, की बघा, गेली होती तर किती फ्रेश दिसत होती.

म्हणजे तक्रार रविवारची नाहीच आहे, मंगळवारची आहे. या आजाराची गंमत म्हणा नाहीतर खोड म्हणा, ती हीच, की मेहनत करताना फारसं काही दिसत नाही, बिल नंतर येतं, कधी बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी. इंग्रजीत त्याला पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ साली मोठा अहवाल काढला, त्यात हे लक्षण असल्याशिवाय हा आजार म्हणायचाच नाही असं ठरवलंय. सोबत सहा महिन्यांहून जास्त काळ पहिल्यासारखी कामं न होणं आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि मग एकतर डोकं न चालणं नाहीतर उभं राहिलं की त्रास होणं. आजाराचं नाव एमई/सीएफएस, म्हणजे तुमच्या चौकटीतलं क्रॉनिक फटीग तेच, आणि मलाही तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं एमईला १९६९ पासून मज्जासंस्थेच्या आजारात घातलंय, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून, तरी आपल्याकडे अजून 'टेन्शन घेऊ नका' हीच गोळी चालू आहे.

मला सुरुवातीला ज्या डॉक्टरांकडे नेलं (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता) त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी ट्वेल्व, डी थ्री, शुगर, छातीचा एक्स-रे. ते बरोबरच होतं, कुणाला असा थकवा असेल तर पहिल्यांदा हेच करायचं, कारण या प्रत्येकावर औषध आहे आणि उगाच मोठ्या आजाराचं नाव लावून घेण्यात अर्थ नाही. सगळं नॉर्मल आलं. मग त्यांनी केबिनमध्येच दहा उठाबशा काढायला लावल्या. मी काढल्या. शाळेतली बाई ना मी, मुलांना काढायला लावायची सवय, स्वतःही काढल्या. 'बघा, झालं की!' म्हणाले आणि रोज पाच पाचने वाढवा असं चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यानंतर दोन दिवस माझे पाय जिने उतरत नव्हते, पण ते बघायला केबिनमध्ये कोण होतं.

आता हे असं का होतं ते मी मिळेल तिथून वाचलंय, मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो समजावून सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. आपला स्नायू चालतो एटीपी नावाच्या रसायनावर. ते साठवून ठेवता येत नाही, स्नायूत असलेलं दोन-तीन सेकंदांत संपतं. मग क्रिएटिन फॉस्फेट म्हणून थोडी शिल्लक असते ती दहाएक सेकंद पुरते. त्यापुढे एकतर ग्लुकोज ऑक्सिजन न वापरता झटपट तोडायचं नाहीतर मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत, नेऊन ऑक्सिजनबरोबर नीट जाळायचं. नीट जाळलं तर एका ग्लुकोजमागे तीसच्या आसपास एटीपी मिळतात, झटपट तोडलं तर नगद २. मी आमच्या ह्यांना असं सांगितलं की सोसायटीचं कर्ज आणि सावकाराचं कर्ज. सोसायटीचं स्वस्त, पण ऑफिस उघडं पाहिजे, सेक्रेटरी जाग्यावर पाहिजे. सावकार रात्री बाराला पण देतो, पण थोडंच देतो आणि वसुलीला दारात उभा राहतो. धडधाकट माणूस जिना चढताना, भाजीची पिशवी आणताना सोसायटीवर भागवतो, सावकाराकडे जातो ते बस पकडायला धावताना. माझ्यासारख्यांचं ऑफिस अर्ध्या वेळा बंद, त्यामुळे भाकऱ्या थापायलासुद्धा सावकार.

ही काही नुसती माझी कल्पना नाही. १९८४ साली ऑक्सफर्डच्या लोकांनी व्हायरल आजारानंतर थकवा राहिलेल्या एका पेशंटचा हाताचा स्नायू काम करताना स्कॅनरमध्ये तपासला तर थोड्याशा कामात स्नायूच्या आत गरजेपेक्षा फार जास्त आम्ल तयार होताना दिसलं, लॅन्सेटमध्ये छापून आलंय ते. २०१६ ला नॉर्वेमधल्या बर्गनच्या डॉक्टरांनी दोनशे पेशंटचं रक्त तपासून म्हटलं की ग्लुकोज जळायला आत जातं त्या दारावरचं एन्झाइम, पायरुवेट डिहायड्रोजिनेज, त्याचं काम दबलेलं दिसतंय. २०२३ ला अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत एका बाईपासून सुरुवात करून बऱ्याच पेशंटच्या मांडीच्या स्नायूत डब्ल्यूएएसएफ थ्री नावाचं प्रोटीन वाढलेलं सापडलं, ते मायटोकॉन्ड्रियाच्या कामात आडवं येतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ॲमस्टरडॅमचा अभ्यास, जानेवारी २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेला, कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितलं. कोरोनानंतर असा त्रास राहिलेले २५ जण घेतले आणि कोरोना होऊन ठणठणीत बरे झालेले २१. मांडीतून स्नायूचा बारीक तुकडा काढला, मग आठवड्यानं सायकल दमेपर्यंत चालवायला लावली, पंधराएक मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी परत तुकडा काढला. पेशंटच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियाचं काम आधीच कमी होतं, सायकल चालवल्यावर आणखी पडलं. स्नायूला इजा झालेल्या खुणा वाढल्या, काही तंतू मेलेलेसुद्धा दिसले. त्यांचं हृदय आणि फुप्फुस मात्र ठीक चालत होतं. हे वाचलं त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, हा माझा मंगळवार आहे, कुणीतरी सुई घालून बाहेर काढलाय.

तसंच सायकलची टेस्ट लागोपाठ दोन दिवस करायची पद्धत आहे, तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजतात. पहिल्या दिवशी आमच्यातले कित्येकजण घरी बसणाऱ्या साध्या माणसासारखेच दिसतात. म्हणजे त्याच दिवशी रिपोर्ट दिला तर 'व्यायाम कमी पडतोय' असाच येईल. चोवीस तासांनी तीच टेस्ट केली की दम लागायची जी पायरी आहे ती पेशंटमध्ये खाली घसरलेली दिसते आणि निरोगी माणसात पहिल्या दिवसाइतकीच राहते. तुमच्या लेखातल्या चौकटीत नेमकं पहिल्याच दिवसाचं आहे. (ही टेस्ट करून घ्या असं मी कुणाला सांगत नाही हां, एक टेस्ट झाली की माणूस महिनाभर अंथरुणात जाऊ शकतो.)

हे अभ्यास लहान लहान आहेत, सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत, लॅबमध्ये जाऊन शंभर रुपयांत करता येईल अशी टेस्ट अजून नाही आणि बरं करणारं औषध पण नाही. हे लिहायलाच पाहिजे कारण नाहीतर लगेच पावडरचे डबे विकणारे येतात. माझ्याकडे आत्तापर्यंत तिघीजणी मायटोकॉन्ड्रियाची पावडर घेऊन आल्यात, एक तर माझीच जुनी विद्यार्थिनी, साडेतीन हजारांचा डबा, आणि वर 'मॅडम तुम्ही पण जॉइन व्हा' म्हणे. अगं मला जिना चढवत नाही, मी कुणाला जॉइन करू.

तुम्ही म्हणाल व्यायाम वाढवायचा सल्ला हवेतून आला का. नाही आला. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेच्या २००७ च्या गाइडलाइनमध्येच तो होता, ग्रेडेड एक्सरसाइज थेरपी. पुढे पेशंट लोकांनी वर्षानुवर्षं सांगितलं की आम्ही याने बिघडलो, आणि ऑक्टोबर २०२१ च्या नव्या गाइडलाइनमध्ये त्यांनी तो काढून टाकला, ठरावीक टप्प्याने व्यायाम वाढवत नेणारा कार्यक्रम एमई/सीएफएसच्या पेशंटला देऊ नये असं स्पष्ट लिहून. तुमच्या लेखकाने बहुतेक जुनी वाचली. साताऱ्यात बसून मला फोनवर नवी सापडते तर पेपरला सापडायला हरकत नव्हती, हे जरा कडक झालं पण असू दे.

फायब्रोमायल्जिया मात्र वेगळा विषय आहे आणि दोन्हींना एकाच चौकटीत कोंबलं ही लेखाची दुसरी चूक. आमच्या शाळेतल्याच एका बाईंना तो आहे, माझ्याआधीपासून. त्यांचं सगळं अंग ठणकतं, मान, खांदे, कंबर, साधं कुणी पाठीवर थाप मारली तरी कळवळतात. पूर्वी यात अंगावरचे १८ पॉइंट दाबून बघायचे, ११ दुखले तर फायब्रो, १९९० चा नियम होता, २०१० पासून पॉइंट दाबल्याशिवाय, कुठं कुठं दुखतं आणि झोप, थकवा किती यावर ठरवता येतं. त्यात मुख्य घोळ मेंदू आणि मज्जारज्जूनं दुखण्याचा आवाज वाढवून ठेवल्याचा आहे असं मानतात. तरी स्नायूची ऊर्जा तिथंही निघालीच, स्वीडनमध्ये १९८६ ला दुखऱ्या खांद्याच्या स्नायूत एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट दोन्ही कमी सापडले होते. पण त्या बाईंना हळू चालण्यानं खरंच फायदा झाला. दहा मिनिटांपासून सुरू केलं, आता राजवाड्यापर्यंत जाऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत असतात. युरोपातले संधिवाताचे डॉक्टरसुद्धा फायब्रोमायल्जियात व्यायामालाच सगळ्यात पुढे ठेवतात. म्हणून व्यायाम वाईट असं मी म्हणतच नाहीये. दोघी एकाच स्टाफरूममध्ये बसायचो, दोघींना सगळे 'दुखणाईत बाया' म्हणायचे, एकीला चालून बरं वाटतं आणि दुसरी चालून अंथरुणाला खिळते. आणि काहींना दोन्ही आजार एकत्र असतात, त्यांचं तर विचारूच नका.

मग ओळखायचं कसं? तर ते मला कुठल्या डॉक्टरनं नाही, माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्या ७८ वर्षांच्या, कोरेगाव तालुक्यातल्या, आयुष्यभर रानात राबलेल्या. आधी त्यासुद्धा सोंग आहे असंच म्हणायच्या. एकदा मी अशीच पडलेली, त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काल काय केलं हुतंस गं?" मी म्हटलं काल काही नाही. "मग परवा?" परवा शाळेचं पालकसंमेलन होतं, चार तास उभी होते. त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथं आम्ही दुधाच्या नोंदी करतो तिथं त्यांनी संमेलनाच्या चौकोनात पेन्सिलनं एक टिंब काढलं आणि आजच्यात फुली. त्यांना लिहिता येत नाही, टिंब आणि फुली येते. पुढचे तीन महिने तेच केलं. टिंब पडलं की एक नाहीतर दोन घरं सोडून फुली, जवळजवळ दर वेळी. ते कॅलेंडर मी नंतर एका दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला नेलं, त्यांनी पाच मिनिटं बघितलं, तारखा मोजल्या, आणि पहिल्यांदा कुणीतरी मला व्यायाम वाढवा म्हणालं नाही.

आता मी कशी जगते तर मापात. कोरोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर प्रत्येकाच्या घरात ड्रॉवरमध्ये पडून असेल, मी ते नाडी बघायला वापरते. सकाळी पडल्या पडल्या माझे ठोके ७२ असतात, त्यात १५ मिळवले की ८७, तेवढ्याच्या आत राहायचं असं एक कच्चं माप या पेशंटमध्ये चालतं. पहिल्या दिवशी मोजलं तर पीठ मळताना ११२. तिसऱ्या भाकरीला दंड थरथरायला लागतात ते उगाच नाही. म्हणून ओट्यापाशी उंच स्टूल आणलं, पीठ मिस्टर मळून देतात, मी दोन थापते, बसते, परत दोन. पाहुणे आले की स्टूल आधी लपवून ठेवायचे, आता ठेवत नाही. कपडे पिळायचे बंद, टपकत वाळतात. यामुळे बरी झाले का? नाही. पण फुल्या कमी झाल्यात, मागच्या महिन्यात चारच होत्या. त्यातल्या दोन चुलतभावाच्या लग्नाच्या, त्या मी जाणूनबुजून घेतल्या.

तर मागणं एवढंच आहे की पुढच्या पुरवणीत चार ओळींचा खुलासा टाका, की मेहनतीनंतर एक-दोन दिवसांनी ज्यांचं दुखणं उफाळतं आणि कित्येक दिवस उतरत नाही त्यांनी ती चौकट पाळू नये, आधी डॉक्टरांना ते उशिरा येणारं दुखणं सांगावं. आणि जिल्ह्यातल्या डॉक्टर मंडळींपैकी जे हा पेपर वाचतात त्यांनी पेशंटला उठाबशा काढायला जरूर लावा, पण मग दोन दिवसांनी एक फोन करा.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. हे मी सहा दिवसांत लिहिलंय, पडून, फोनवर, थोडं बोलून थोडं टाइप करून, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या आणि जागा नसेल तर कापा, मॅरेथॉनचं कापा, सावकाराचं कापा, कॅलेंडरचं तेवढं ठेवा, सासूबाईंना वाचून दाखवायचं कबूल केलंय. आज टिंब काढलंय. परवा तुमचा फोन आला तर मिस्टर उचलतील.

आपली,
एक वाचक, गोडोली, सातारा
(नाव छापू नये, रजेचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय)